सेवा कक्षाच्या डॅशबोर्डची छाटणी : प्रकल्प नोंदी

४ मार्च

ग्राहक सेवा कक्षाचा मुख्य डॅशबोर्ड, म्हणजे कामाचे आकडे एकत्र दाखवणारे संगणकावरचे पान, सुटसुटीत करण्याचे काम आज रीतसर हाती घेतले. सध्या या एका पानावर चाळीसहून अधिक चौकटी आहेत आणि निम्म्याहून अधिक चौकटी पाहायच्या तर पान खाली सरकवावे लागते. वरच्या रांगेत चार गोल तबकड्या, त्याखाली टक्केवारीचे आकडे, मग वर्तुळालेख आणि सर्वांत शेवटी एक लांबलचक तक्ता, अशी मांडणी आहे. कामासाठी रोज लागणारी माहिती याच शेवटच्या तक्त्यात आहे. ही रचना कोणी ठरवून केलेली नाही. दर बैठकीत कोणीतरी एखादा आकडा मागितला, तो पानावर आला आणि तिथेच राहिला. चौकट काढून टाकावी अशी मागणी मात्र सहसा होत नाही, कारण चौकट राहू द्यायला खर्च येत नाही असा सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक चौकटीमागे एक क्वेरी (डेटाबेसमधून आकडा काढणारी आज्ञा) असते, त्या क्वेरीची निगा राखणारे कोणीतरी असते आणि रोज सकाळी ती चौकट नजरेखालून घालण्यात कोणाचे तरी लक्ष खर्ची पडते.

कामाची व्याप्ती मुद्दाम मर्यादित ठेवली आहे. नवे साधन आणायचे नाही, डेटाबेसची रचना बदलायची नाही आणि रंगसंगतीवर बैठका घ्यायच्या नाहीत. पहिल्या पानावर कोणते आकडे असावेत आणि त्या प्रत्येकाचा नेमका अर्थ काय, एवढेच ठरवायचे आहे. त्यासाठी प्रत्येक चौकटीला एकच प्रश्न विचारण्याचे ठरले: हा आकडा उद्या सकाळी दुप्पट झाला किंवा निम्म्यावर आला, तर कोण काय वेगळे करील आणि केव्हापर्यंत? उत्तरात व्यक्ती, कृती आणि मुदत या तिन्ही गोष्टी असल्या, तरच ती चौकट पहिल्या पानासाठी विचारात घ्यायची.

७ मार्च

डॅशबोर्डच्या वापराच्या नोंदी तपासल्या. पान उघडल्याच्या संख्येवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, हे पहिल्या तासातच लक्षात आले, कारण कक्षातील भिंतीवरचा पडदा ठरावीक वेळाने आपोआप रिफ्रेश होतो आणि त्या प्रत्येक रिफ्रेशची नोंद ‘एक भेट’ म्हणून होते. तो पडदा वगळल्यावर उरलेली संख्या बरीच लहान आहे. शिवाय पान उघडले म्हणजे त्यावरची प्रत्येक चौकट पाहिली गेली, असेही होत नाही. त्यामुळे फिल्टर बदलणे, चौकटीवर क्लिक करून तपशिलात जाणे आणि तक्ता डाउनलोड करणे या तीन कृतींनाच वापर मानायचे ठरवले.

त्यांपैकी डाउनलोडने सर्वांत अधिक सांगितले. जो तक्ता सर्वाधिक वेळा डाउनलोड होतो, त्याच्या आसपासच्या आलेखांना जवळजवळ कोणीही हात लावत नाही. याचा अर्थ लोकांना तिथली माहिती हवी आहे, पण दाखवण्याची पद्धत त्यांच्या कामाची नाही. रात्रपाळीच्या पर्यवेक्षक बाईंच्या शेजारी बसून हे प्रत्यक्ष पाहिले. पाळी सुरू होताच त्या तक्ता उतरवून घेतात, स्प्रेडशीटमध्ये उघडतात, ‘नेमणूक’ हा स्तंभ रिकामा असलेल्या ओळी वेगळ्या काढतात, त्या तारखेनुसार लावतात आणि वरच्या काही ओळी पिवळ्या करून पाळीतल्या लोकांना वाटून देतात. मग कोणाकडेही न सोपवलेली तिकिटे (ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी किंवा चौकशा) किती, सर्वांत जुने तिकीट किती जुने आणि आज हजर किती जण, हे तीन आकडे एका कागदावर लिहून तो कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवतात. चाळीसहून अधिक चौकटींच्या पानावर या तिघांपैकी एकही आकडा थेट दिसत नाही. मॉनिटरला चिकटवलेला तो कागद हाच या कक्षाचा खरा डॅशबोर्ड आहे, आणि आपल्या प्रकल्पाचा पहिला कच्चा आराखडा म्हणून त्याचे छायाचित्र प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवले आहे.

११ मार्च

विभागांशी बोलणी सुरू झाली. वरचा प्रश्न विचारला की सर्वांत जास्त वेळा मिळणारे उत्तर ‘माहितीसाठी’ असे असते. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि माहिती असणे वाईटही नाही, पण ती माहिती दररोज, सर्वांना आणि पहिल्याच पानावर असण्याचे कारण त्यातून मिळत नाही. अशा चौकटींची जागा मासिक अहवालात किंवा तपशिलाच्या पानावर.

एक बाब बैठकीच्या टिपणात येणार नाही, म्हणून इथे नोंदवतो. काही चौकटी माहितीसाठी नसून हजेरीसाठी असतात. आपल्या विभागाचे काम मुख्य पानावर दिसले नाही तर ते वरिष्ठांच्या नजरेआड होईल, ही भीती त्यामागे असते आणि ती अगदीच निराधार नसते. तेव्हा ‘तुमची चौकट निरुपयोगी आहे’ असे सांगत सुटण्यापेक्षा, ‘तुमच्या निर्णयासाठी वेगळे पान करू आणि त्यात तुम्हाला हवे ते सर्व ठेवू’ हा मार्ग धरला आहे. आतापर्यंत तरी त्याला विरोध झालेला नाही.

१५ मार्च

कोणत्या चौकटी ठेवायच्या हे ठरवण्यापूर्वी, ज्या ठेवण्याजोग्या वाटतात त्या परस्परांशी जुळतात का हे तपासले. यासाठी १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला रांगांविषयीचा नियम फार उपयोगी पडतो. स्थिर चालणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा सरासरी वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. समजा दिवसाला सरासरी ६० तिकिटे येतात आणि कोणत्याही वेळी सरासरी १८० प्रलंबित असतात, तर एक तिकीट सरासरी ३ दिवस प्रलंबित राहत असले पाहिजे. डॅशबोर्ड तो काळ दीड दिवस दाखवत असेल, तर तीन आकड्यांपैकी निदान एकाची व्याख्या वेगळी आहे, किंवा व्यवस्था स्थिर नसून रांग वाढत वा घटत आहे.

आपल्याकडे नेमकी अशीच तफावत आढळली. रांग तर स्थिर होती, त्यामुळे व्याख्यांकडे वळलो. ‘प्रलंबित तिकिटे’ या चौकटीत ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहणारी तिकिटे धरलेली आहेत, तर ‘निकाली काढण्याचा काळ’ मोजताना तीच प्रतीक्षा वजा केलेली आहे. दोन्ही व्याख्या आपापल्या ठिकाणी समर्थनीय आहेत: कक्षाच्या कामाचा वेग पाहायचा तर ग्राहकाकडे गेलेला वेळ वगळणे योग्य, आणि ग्राहकाचा अनुभव पाहायचा तर तो धरणे योग्य. मात्र एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चौकटी दोन वेगळ्या घड्याळांवर चालत असल्या आणि त्याचा कुठेही उल्लेख नसला, तर वाचणाऱ्याने काय समजावे? पहिल्या पानावर ग्राहकाचे घड्याळ चालेल असे सेवा विभागाच्या प्रमुखांनी ठरवले. कक्षाचे घड्याळ तपशिलाच्या पानावर राहील.

१९ मार्च

आज दिवसभर ‘निकाली काढण्याचा सरासरी काळ’ या एकाच चौकटीवर काम केले. ही चौकट डॅशबोर्डवर सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे, प्रत्येक बैठकीत ती उद्धृत होते आणि मूल्यमापनातही वापरली जाते. त्यामुळे ती काढायची असेल तर कारणे नीट लिहून ठेवली पाहिजेत.

पहिले कारण सर्वपरिचित आहे. दहा तिकिटांपैकी नऊ प्रत्येकी २ तासांत निकाली निघाली आणि एकाला १०० तास लागले, तर सरासरी ११.८ तास येते. हा आकडा त्या नऊ ग्राहकांपैकी कोणाचाही अनुभव सांगत नाही आणि दहाव्याचाही सांगत नाही. मध्यक, म्हणजे सर्व वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २ तास येतो आणि तो निदान बहुसंख्यांचे वर्णन करतो. उशीर झालेल्यांचे काय, हे कळण्यासाठी ९५वा शततमक पाहावा लागतो. शंभरपैकी ९५ तिकिटे जितक्या वेळाच्या आत निकाली निघतात तो हा वेळ. मध्यक आणि ९५वा शततमक हे दोन आकडे एकत्र ठेवले, तर नेहमीचा वेग आणि उशिराची मजल दोन्ही दिसतात.

शततमकांबाबत एक दोष सध्याच्या साप्ताहिक चौकटीत दडलेला सापडला. ती चौकट रोजच्या ९५व्या शततमकांची सात दिवसांची सरासरी काढून तिला आठवड्याचा शततमक म्हणते. शततमकांची अशी सरासरी काढता येत नाही. शांत रविवारी आलेली मोजकी तिकिटे आणि गर्दीच्या सोमवारी आलेली ढीगभर तिकिटे यांना त्यात सारखेच वजन मिळते, आणि येणारा आकडा कोणत्याच खऱ्या तिकीट-समूहाचा नसतो. आता रोजची तिकिटे वेळेच्या गटांत मोजून साठवली जातील, आठवड्यासाठी त्या गटांच्या संख्यांची बेरीज होईल आणि शततमक त्या बेरजेवरून काढला जाईल. गट पुरेसे बारीक ठेवले की यातली चूक नगण्य राहते.

दुसरे कारण कमी परिचित असले तरी अधिक गंभीर आहे. हा काळ केवळ बंद झालेल्या तिकिटांवर मोजला जातो. कक्षाने एखाद्या आठवड्यात मनावर घेऊन महिनोन्‌महिने पडून असलेली तिकिटे निकाली काढली, तर त्यांचा सगळा जुना काळ त्या आठवड्याच्या हिशेबात येतो आणि आलेख एकदम बिघडलेला दिसतो. उलट, जुनी तिकिटे तशीच ठेवून केवळ नवी आणि सोपी तिकिटे हातावेगळी केली, तर आलेख सुधारतो. म्हणजे चांगले काम केले की आकडा शिक्षा करतो आणि टाळाटाळ केली की बक्षीस देतो. हे टाळण्यासाठी जी तिकिटे अजून उघडी आहेत त्यांचे वय दाखवले पाहिजे. रात्रपाळीच्या कागदावरील दुसरा आकडा, म्हणजे सर्वांत जुन्या तिकिटाचे वय, हेच काम करत होता. त्याचेच थोडे विस्तारित रूप म्हणून उघड्या तिकिटांचा वयोगटांनुसार स्तंभालेख पहिल्या पानावर घेतला आहे. सरासरीची चौकट वगळण्याची शिफारस लिहून पाठवली.

२० मार्च

दोन किरकोळ पण आवश्यक दुरुस्त्या केल्या. दिवसाची सीमा यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) मोजली जात होती, ती कक्षाच्या स्थानिक वेळेनुसार केली. आता पानावरची तारीख आणि कक्षातली तारीख एकच राहील. प्रत्येक चौकटीखाली ‘अमुक वेळेपर्यंतची माहिती’ अशी ओळ घातली. डेटा येणे थांबले की आतापर्यंत शेवटचा आकडा तसाच दिसत राहायचा आणि शांत रेषा पाहून सारे सुरळीत असल्याचा भास व्हायचा. आता ठरलेल्या मुदतीत नवा डेटा आला नाही तर आकडाच दिसणार नाही, त्या जागी ‘माहिती जुनी आहे’ एवढेच दिसेल.

२५ मार्च

‘बंद केलेली तिकिटे’ या चौकटीवरून आजची बैठक लांबली. ही चौकट सर्वांना प्रिय आहे, कारण ती नेहमी वर जाते.

या चर्चेत मी थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्राचे उदाहरण ठेवले, कारण ते आपल्या दोन्ही अडचणींना, म्हणजे ‘बंद’ या शब्दाचा फसवा अर्थ आणि पानावरची चौकटींची गर्दी यांना, लागू पडते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या या केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकली आणि दोन तासांहून अधिक काळ तशीच राहिली. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप बंद असल्याचे सुचवत होता, कारण तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता; झडपेला बंद होण्याचा संकेत गेला आहे, एवढेच तो दाखवत होता. त्यातच पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकाच वेळी सुरू झाले, आणि बिनमहत्त्वाचे इशारे बाजूला सारून महत्त्वाच्यांवर लक्ष देण्याची सोय तिथे नव्हती. चौकशी आयोगाने पुढे या दोन्ही गोष्टींची नोंद घेतली.

आपली ‘बंद’ ही स्थिती त्या दिव्यासारखीच आहे. कर्मचाऱ्याने बटण दाबले, एवढेच ती सांगते. ग्राहकाची अडचण सुटली का, हे तिच्यातून कळत नाही. शिवाय ही संख्या मूल्यमापनाला जोडलेली असल्यामुळे तिची विश्वासार्हता आणखी कमी होते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली पतधोरणाच्या संदर्भात हे निरीक्षण मांडले होते: आकडेवारीत दिसणाऱ्या एखाद्या नियमितपणाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला, की तो नियमितपणा ढासळू लागतो. आपल्या नोंदींतही पाळी संपण्याच्या सुमारास तिकिटे बंद होण्याची लाट दिसते आणि त्यांतील काही दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतात. यात कोणा कर्मचाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. जे मोजले जाते ते लोक करतात.

निर्णय असा झाला की ‘बंद’ ही संख्या एकटी दाखवायची नाही. तिच्यासोबत बंद झाल्यापासून सात दिवसांत पुन्हा उघडलेल्या तिकिटांचे प्रमाण असेल, आणि मूल्यमापनात वापरायचे झाल्यास दोन्ही एकत्रच वापरायचे. इथे एक तांत्रिक काळजी घ्यावी लागते. काल बंद झालेल्या तिकिटाला पुन्हा उघडण्यासाठी एकच दिवस मिळालेला असतो, त्यामुळे गेल्या सात दिवसांचे प्रमाण नेहमीच खोटे चांगले दिसते. ते दिवस आलेखात करड्या तुटक रेषेने दाखवून ‘अपूर्ण’ असे लिहिले आहे. हे प्रमाण साप्ताहिक बैठकीत वापरताना फक्त सात दिवस पूर्ण झालेल्या तिकिटांवरच बोलायचे आहे.

२९ मार्च

हिरव्या-लाल बाणांचा निकाल लावला. प्रत्येक आकड्याशेजारी ‘गेल्या आठवड्यापेक्षा इतके टक्के जास्त किंवा कमी’ असा बाण आहे. दोन आठवड्यांचे आकडे तंतोतंत सारखे असणे दुर्मीळ असल्याने बाण नेहमीच कुठल्यातरी दिशेला असतो, आणि दर सोमवारी कोणीतरी त्याचे कारण शोधत बसते. बहुतेक वेळा कारण नसतेच. तो नेहमीचा चढउतार असतो.

नेहमीचा चढउतार कोणता आणि दखल घेण्याजोगा बदल कोणता, हे वेगळे करण्याची पद्धत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमधील उत्पादनाच्या दर्जासाठी मांडलेल्या नियंत्रण-आलेखातून आली. आपल्या साप्ताहिक आकड्यांसाठी तिचे साधे रूप पुरेसे आहे. लागोपाठच्या दोन आठवड्यांमधील फरक घ्यायचे, चिन्ह सोडून त्यांची सरासरी काढायची, तिला २.६६ने गुणायचे आणि येणारी संख्या मूळ सरासरीत एकदा मिळवून व एकदा वजा करून दोन सीमा मिळवायच्या. समजा आठवड्याची सरासरी ४० आहे आणि लागोपाठच्या फरकांची सरासरी ६ आहे. मग सीमा साधारण २४ आणि ५६ येतात. या आठवड्यात ४७ आले म्हणून बैठक बोलावण्याचे कारण नाही. ५९ आले तर आहे. आकडे सीमेच्या आत असूनही लागोपाठ आठ आठवडे सरासरीच्या एकाच बाजूस राहिले, तर तेही दखल घेण्याजोगे मानायचे.

सेवा विभागाच्या प्रमुखांना ही पद्धत पटली, पण त्यांनी योग्य शंका काढली: या सीमा म्हणजे आपले उद्दिष्ट आहे का? नाही. सीमा व्यवस्था सध्या कशी चालते ते सांगतात. ती कशी चालावी, हे सांगत नाहीत. २४ ते ५६ यांमध्ये आकडा स्थिर राहत असेल आणि आपल्याला २० हवे असतील, तर आठवड्या-आठवड्याला विचारणा करून ते होणार नाही. कामाची पद्धतच बदलावी लागेल. उद्दिष्टाची रेषा आलेखावर वेगळी आणि सीमांहून स्पष्टपणे निराळी दिसेल अशी काढली आहे.

३ एप्रिल

आकारांचे काम उरकले. यावर फार वेळ घालवायचा नव्हता. गोल तबकड्या काढल्या, कारण हाताच्या तळव्याएवढ्या जागेत त्या फक्त एक आकडा सांगतात आणि कालचा आकडा सांगत नाहीत. वर्तुळालेखांच्या जागी आडवे स्तंभ आले. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की एका समान पट्टीवरील स्थानांची तुलना माणसे कोन किंवा क्षेत्रफळ यांच्या तुलनेपेक्षा अधिक अचूक करतात. स्तंभांचा अक्ष शून्यापासूनच सुरू होईल. रेषालेखाला ती सक्ती नाही, पण अक्षावरचे आकडे लिहिलेले असतील.

लाल आणि हिरवा हा एकमेव भेद कुठेही ठेवलेला नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांमागे एकाला लाल-हिरव्यातील फरक ओळखण्यात अडचण असते. इतर समाजांत हे प्रमाण कमी असले, तरी शून्य कुठेच नाही. सीमेबाहेरचा आकडा आता गडद ठिपक्याने आणि ‘सीमेबाहेर’ या शब्दाने दाखवला जातो.

८ एप्रिल

‘पहिल्याच संपर्कात सुटलेल्या अडचणींचे एकूण प्रमाण’ या चौकटीविषयी आक्षेप आला की छाटणी करायची आहे तर फोन आणि ईमेल असे दोन आकडे कशाला, एकच एकत्रित आकडा का नको? प्रश्न रास्त आहे, कारण कमी करणे हाच प्रकल्पाचा हेतू आहे. तरीही इथे दोन आकडे ठेवण्याचा आग्रह धरला आणि पुढील उदाहरण फळ्यावर मांडले.

समजा पहिल्या महिन्यात फोनवर ९०० चौकशा आल्या आणि त्यांतल्या ७२० पहिल्याच संपर्कात सुटल्या, म्हणजे ८० टक्के. ईमेलवर १०० आल्या आणि ४० सुटल्या, म्हणजे ४० टक्के. एकत्रित प्रमाण ७६ टक्के. दुसऱ्या महिन्यात फोनवर ५०० पैकी ४१० सुटल्या, म्हणजे ८२ टक्के, आणि ईमेलवर ५०० पैकी २२५, म्हणजे ४५ टक्के. दोन्ही मार्गांवर काम सुधारले, पण एकत्रित प्रमाण ६३.५ टक्क्यांवर घसरले, कारण लोक फोनकडून ईमेलकडे वळले. १९५१ साली एडवर्ड सिम्पसन यांनी चर्चिलेला हा विरोधाभास आता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एकच आकडा पाहणारा व्यवस्थापक त्या महिन्यात दोन्ही गटांना जाब विचारील. आक्षेप घेणाऱ्यांनी आकडेमोड स्वतः पुन्हा करून पाहिली आणि दोन आकड्यांना संमती दिली.

याच बैठकीत असेही ठरले की टक्केवारीसोबत मूळ संख्या नेहमी असावी आणि छेद ३०पेक्षा लहान असेल तर टक्केवारी न दाखवता ‘३ पैकी २’ असे लिहावे. ३० हा आकडा सोयीचा म्हणून घेतला आहे. त्यात काही शास्त्रोक्त आहे असा आमचा दावा नाही.

१२ एप्रिल

नवे पान आजपासून सुरू झाले. जुन्या चौकटी पुसलेल्या नाहीत. त्या ‘जुने पान’ या दुव्यामागे ठेवल्या असून त्या दुव्यावर कोण कशासाठी गेले, याची नोंद होते. महिनाभरात कोणी न विचारलेल्या चौकटींच्या क्वेरी बंद होतील. मूळ क्वेरींचा मजकूर मात्र तारखेसह जपून ठेवला जाईल, कारण दोन वर्षांनी कोणीतरी ‘पूर्वी आपण हे कसे मोजत होतो’ असे विचारणारच.

१२ मे

महिन्याच्या नोंदी पाहिल्या. जुन्या पानाकडे परत गेलेल्यांपैकी बहुतेक जण सुरुवातीच्या काही दिवसांतले आहेत आणि त्यांनी प्रामुख्याने सरासरी काळाचाच शोध घेतला. एका विभागाला मासिक अहवालासाठी वर्गवारीचा वर्तुळालेख हवा होता. तो अहवालात स्तंभालेखाच्या रूपात दिला.

विचार करायला लावणारी चौकट एकच निघाली: वैयक्तिक माहिती चुकीच्या व्यक्तीकडे गेल्याच्या तक्रारींची संख्या. तिच्याकडे महिनाभरात कोणीही फिरकले नाही आणि आमच्या नियमानुसार तिची क्वेरी बंद व्हायला हवी होती. पण वापर कमी म्हणून महत्त्व कमी, हा तर्क इथे चालत नाही. ही संख्या बहुतेक दिवस शून्य असते, म्हणूनच ती कोणी पाहत नाही. आणि ती एक झाली की त्याच तासाला हालचाल करावी लागते. अशा आकड्यासाठी डॅशबोर्ड हीच चुकीची जागा आहे, कारण डॅशबोर्ड माणसाने आपणहून पाहावा लागतो. ही चौकट पानावरून काढून तिचे रूपांतर थेट संदेशात केले: नोंद होताच जबाबदार अधिकाऱ्याला आणि त्यांच्या पर्यायी व्यक्तीला फोनवर सूचना जाते आणि ती मिळाल्याची पोच घेतली जाते. ही यंत्रणा जिवंत आहे याची खात्री राहावी म्हणून आठवड्यातून एकदा चाचणीची खोटी नोंद पाठवली जाईल. बंद करायच्या यादीतील उरलेल्या सर्व चौकटी याच दृष्टीने पुन्हा चाळल्या. आणखी एक अशीच निघाली, तीही संदेशात गेली.

रात्रपाळीच्या पर्यवेक्षक बाईंनी अजून कागद चिकटवणे सोडलेले नाही. दोन आकडे त्या आता पानावरून घेतात. तिसरा, हजर कर्मचाऱ्यांचा, पानावर नाही, कारण हजेरीची नोंद वेगळ्या प्रणालीत होते आणि ती पाळी सुरू झाल्यानंतर बऱ्याच उशिरा अद्ययावत होते. तो आकडा जुना दाखवण्यापेक्षा न दाखवणे बरे, यावर त्यांचे आणि आमचे एकमत आहे.

१६ मे

पहिल्या पानाची रचना निश्चित झाली. त्यावर सहा चौकटी आहेत: न सोपवलेली तिकिटे, उघड्या तिकिटांचे वयोगट, दिवसाला येणारी आणि बंद होणारी तिकिटे एकाच आलेखात, निकाली काढण्याच्या काळाचा मध्यक आणि ९५वा शततमक, पुन्हा उघडलेल्यांचे प्रमाण, आणि पहिल्या संपर्कात सुटलेल्यांचे मार्गनिहाय प्रमाण. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यातील चिन्हावर क्लिक केल्यास व्याख्या, मालक, अपेक्षित कृती आणि व्याख्या शेवटची बदलल्याची तारीख दिसते. उदाहरणार्थ, पहिल्या चौकटीचा मजकूर असा आहे: ‘उघडे असलेले आणि कोणत्याही कर्मचाऱ्याच्या नावावर नसलेले तिकीट. ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा असली तरी धरले जाते. मालक: चालू पाळीचे पर्यवेक्षक. कृती: सीमेबाहेर गेल्यास एका तासाच्या आत वाटप.’

नवी चौकट घालायची असल्यास हाच मजकूर आधी भरून द्यावा लागेल आणि असलेल्या सहांपैकी कोणती काढायची, हेही सुचवावे लागेल. पहिली मागणी कालच आली आहे. त्यात मालकाच्या रकान्यात ‘सर्व’ असे लिहिले आहे, म्हणून अर्ज परत पाठवला. न सोपवलेल्या तिकिटांच्या सीमा सध्या दोन्ही पाळ्यांच्या एकत्रित आकड्यांवरून काढल्या आहेत. रात्रीची आवक दिवसापेक्षा बरीच कमी असल्याने त्या रात्रपाळीला ढिल्या पडतात. दोन्ही पाळ्यांच्या वेगळ्या सीमा काढण्याइतका डेटा जूनच्या अखेरीस जमेल, तेव्हा दोन्ही पर्यवेक्षकांसह बसून त्या निश्चित करायच्या आहेत.